सहा महिने परदेशात राहून पार्लर चालवता येईल का?

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. नऊ वर्षं स्वतःचं लेडीज पार्लर, हाताखाली तीन मुली आणि एक हेल्पर. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. मुलगी बारावीनंतर हॉस्टेलला गेली. आता दोघांना वर्षातले पाच-सहा महिने थायलंड किंवा पोर्तुगालला राहायचं आहे. पार्लर विकावं, बंद ठेवावं, की लांबून चालवावं? आणि कॅमेरे कोणते बसवावेत?

ताई, विकू नका. लांबून पार्लर चालतं. माझं कोथरूडला २००६ पासून आहे आणि २०२२ पासून मी वर्षातले चार महिने बाहेर असते. बहुतेक वेळा थायलंडमधल्या चिआंग मायला, एकदा पोर्तुगालच्या लिस्बनला होते. पण निघण्याआधीची तयारी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा जास्त आहे. मला ती करायला सात महिने लागले. कॅमेऱ्यांचं मी शेवटी सांगते, कारण त्यांच्यावर फार काही अवलंबून नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. तुमच्याकडे येणाऱ्या बायका पार्लरला येतात की तुमच्या हाताला येतात? 'तिचा हात हलका आहे', 'तिच्याच हाताने आयब्रो नीट होतात' हे आपण रोज ऐकतो आणि सुखावतो. पण मालकीण परदेशी गेली की हेच गिऱ्हाईक दोन महिने वाट बघतं आणि तिसऱ्या महिन्यात दुसरीकडे जातं. एक महिना वहीत प्रत्येक कामापुढे लिहा की ते कोणी केलं आणि त्या बाईने कोणाला मागितलं होतं. मी लिहिलं तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त गल्ला माझ्या एकटीच्या हातावर होता. तो तसाच ठेवून मी विमानात बसले असते तर पार्लर बसलं असतं.

हात सोपवायचा कसा, ते एका काकूंवरून सांगते. अकरा वर्षं त्या माझ्याकडे थ्रेडिंगला यायच्या. मी नसले तर खुर्चीत न बसता परत जायच्या. पहिल्या वेळी मी त्यांना सरळ सांगितलं, 'काकू, आज एक भुवई मी करते आणि एक ही करेल, तुम्ही आरशात बघून सांगा.' त्यांना ते आवडलं नाही, पण माझ्या शब्दासाठी बसल्या. डावी मी केली. उजवीच्या वेळी एरवी गिऱ्हाईक धरतं ती वरची कातडी मी ताणून धरली आणि आमच्या सिनियर मुलीने दोरा चालवला. काकूंनी दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. झाल्यावर त्यांनी आरसा जवळ घेतला, चष्मा घालून, मग काढून, दोन्ही भुवया तपासल्या आणि म्हणाल्या, 'हिने केलेली जरा बारीक आहे, पण दुखलं नाही.' पुढच्या खेपेला दोन्ही भुवया तिने केल्या आणि मी शेजारी उभी होते. त्याच्या पुढच्या वेळी मी काउंटरला बसून बिलं करत होते. चौथ्या वेळी काकूंनी आल्या आल्या तिचं नाव घेऊन विचारलं, 'ती आहे ना गं?' त्या दिवशी मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. अशी साठ-सत्तर गिऱ्हाइकं एकेक करून सोपवावी लागतात. एकदम सगळी सोपवायला गेलात तर बायकांना वाटतं, ताईंचं लक्ष उडालं.

ब्रायडल मी सगळ्यात शेवटी सोपवलं. नवरीची आई तिच्या घरचा एकुलता एक दिवस आपल्या हाती देत असते. मी इथे असताना ट्रायल मी घेते आणि प्रत्यक्ष काम सिनियर करते. ट्रायलच्या वेळी ती हजर असते आणि फाउंडेशनची शेड, आंबाड्याचा आकार, नऊवारीच्या पिना कुठे लावायच्या हे सगळं तिच्या वहीत उतरतं. मी बाहेर असताना नवीन ब्रायडल घ्यायचं की नाही, ते तीच ठरवते. तिने 'नको' म्हटलं तर मी आग्रह करत नाही.

ही सिनियर म्हणजे तुमचं पार्लर, असं धरून चाला. तिला नुसता पगार वाढवून मॅनेजर म्हणू नका. मी तिला पगार देते आणि महिन्याच्या निव्वळ नफ्यातले दहा टक्के देते. हिशोबाची वही ती स्वतः लिहिते, त्यामुळे दहा टक्के कशाचे हे तिला माझ्याआधी कळतं. पगार पंचवीस हजारांच्या वर गेला की प्रोफेशनल टॅक्स कापायला विसरू नका. २०२३ च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात बायकांना तेवढ्या पगारापर्यंत तो माफ आहे.

आता तुमच्या मनातली भीती. मुलगी शिकेल, गिऱ्हाइकं ओळखीची होतील आणि शेजारच्या गल्लीत ती स्वतःचं पार्लर टाकेल. टाकेलही. मीही एका बाईंकडे चार वर्षं काम करूनच स्वतःचं टाकलं. काही मालकिणी यावर उपाय म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं पार्लर काढणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही, म्हणून त्या कागदावर विसंबू नका. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवणं तर मला पटतच नाही. त्यापेक्षा तिला राहावंसं वाटेल एवढा वाटा द्या.

पण गिऱ्हाइकांचे नंबर मात्र पार्लरचे असले पाहिजेत. लांब जायचा विचारही नव्हता तेव्हा एक मुलगी स्वतःच्या फोनवरून अपॉइंटमेंट द्यायची आणि मी सोय म्हणून चालवून घेतलं. ती गेली तेव्हा तो फोनही गेला. पार्लरच्या नावाचं वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि ते लिंक केलेलं माझ्या लॅपटॉपवर, अशी व्यवस्था मी तेव्हापासून ठेवली आहे. फोन रात्री काउंटरच्या ड्रॉवरमध्ये राहतो, कोणाच्या पर्समध्ये नाही.

मालाचं सांगते. लांबून चालवताना पैसा गल्ल्यातून जितका जातो त्यापेक्षा बाउलमधून जास्त जातो. चोरीच होते असं नाही. अंदाजाने ट्यूब पिळली जाते, उरलेला कलर बेसिनमध्ये धुतला जातो, वॅक्स हीटरवर जळतं. आमच्याकडे कलर मिसळायच्या जागी साधा किचनचा वजनकाटा आहे. बाउल ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, रूट टच-अपला, म्हणजे फक्त मुळाशी वाढलेले केस रंगवायला, तीस ग्रॅम कलर आणि कंपनीने दिलेल्या प्रमाणात डेव्हलपर, म्हणजे कलर चढवणारं क्रीम. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो पार्लरच्या ग्रुपवर टाकायचा. वॅक्सच्या डब्यावर मार्करने उघडल्याची तारीख. आमच्या नोंदीत आठशे मिलीच्या एका डब्यात पूर्ण हातांची पंचवीसेक कामं होतात. अठरावर डबा संपला की मी विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: नवीन मुलगी थर जाड लावतेय. सुरुवातीला मुलींना हा काटा अविश्वासाचा वाटला. मी त्यांना एवढंच सांगितलं की आकडा लिहिलेला असला की कोणावर उगाच आळ येत नाही. एकदा स्टॉकमध्ये खरंच घोळ झाला तेव्हा नोंदींवरून कळलं की सप्लायरनेच दोन ट्यूब कमी पाठवल्या होत्या. त्या दिवसापासून फोटो न सांगता येतात.

आता चूक सांगते, कारण तुम्ही ती करू नये. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. लग्नं नाहीत, मंगळागौरी पुढे गेलेल्या, म्हणून आम्ही आषाढापासून लिस्बनला गेलो. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पार्लर साडेदहाला उघडतं तेव्हा तिथे सकाळचे सहा. एका सकाळी फोन सायलेंटवर होता. आठला उठून बघितलं तर बारा मिस्ड कॉल. आदल्या संध्याकाळी एक जुनी गिऱ्हाईक केसांना कलर करून गेली होती आणि सकाळी तिचे डोळे सुजून मिटले होते. कपाळाच्या कडेने पुरळ. ती अकराला पार्लरमध्ये आली, मुली घाबरल्या आणि मी पलंगावर झोपलेली. सिनियरने शहाणपणा करून तिला रिक्षात घालून स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. पाच-सहा दिवसांत सूज उतरली, औषधांचा खर्च आम्ही केला, मी व्हिडिओ कॉलवर माफी मागितली. ती अजून येते, हे तिचं मोठेपण.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडा कलर आधी कातडीवर लावून बघणं, झाली नव्हती. 'मी दहा वर्षं हाच कलर लावते,' असं ती म्हणाली आणि मुलीने ऐकलं. केसांच्या गडद कलरमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. वर्षानुवर्षं सोसलेल्या माणसालाही त्याची अ‍ॅलर्जी मध्येच उद्भवते, आणि काळ्या मेंदीत तेच मिसळलेलं असलं तर ती त्यातूनही जडते. या बाईने दोन महिन्यांपूर्वी भाचीच्या लग्नात हातावर झटपट रंगणारी काळी मेंदी काढली होती. म्हणून कानामागे पॅच टेस्ट आणि ४८ तासांचं थांबणं, जुनी असो वा नवी, प्रत्येकीला. दुसरं, मी बाहेर असेन तेवढे महिने केस सरळ करणारं स्मूथनिंग आणि केराटिन, चेहऱ्याचं केमिकल पील बंद. ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. माझ्या डोळ्यांसमोर जे करायला मी दहादा विचार करते ते माझ्या पाठीमागे होऊ नये. गल्ला कमी होतो. होऊ द्या.

या प्रकरणानंतर मी वेळेचा हिशोब आधी बघायला शिकले. पार्लरवाल्या बाईने पूर्वेला जावं. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. साडेदहाला शटर वर जातं तेव्हा चिआंग मायमध्ये दुपारचे बारा. सकाळ पूर्ण तुमची, रात्री साडेआठला पार्लर बंद तेव्हा तिथे दहा, वहीचा फोटो बघायचा आणि झोपायचं. लिस्बन सुंदर आहे, ट्रामच्या खडखडाटात मला आपली जुनी मुंबई आठवायची, पण तिथे जागं राहायचं तर पहाटे पाच-सहाला उठावं लागतं आणि ते महिनोन्‌महिने जमत नाही.

व्हिसाचं गणितही पूर्वेच्याच बाजूने जातं. पोर्तुगालने २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस रिमोट काम करणाऱ्यांसाठी डी-८ व्हिसा सुरू केला. त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे चौपट ३,४८०. रुपयांत साडेतीन लाख महिना. तीन मुलींच्या पार्लरचा नफा तेवढा नसतो, तिथे तुमच्या यजमानांच्या पगारावरच अर्ज करावा लागेल. थायलंडने जुलै २०२४ मध्ये लांबून काम करणाऱ्यांनाही चालणारा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) आणला. पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवसांपर्यंत मुक्काम आणि खात्यात पाच लाख बाथ दाखवायचे, २०२५ च्या दराने साधारण १३-१४ लाख रुपये. नियम बदलत राहतात, अर्ज करण्याआधी वकिलातीच्या साइटवर ताजे वाचा.

थायलंडबद्दल एक गोष्ट आपल्या धंद्यातल्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवायला हवी. केस कापणं, केशरचना आणि सौंदर्योपचार ही कामं तिथे परदेशी माणसांना बंद आहेत, कायद्याने ती थाई लोकांसाठी राखलेली आहेत. तिथे चार मराठी कुटुंबं भेटतात, कोणाच्या बारशाला मेकअप कर म्हणतात, पाकीट हातात ठेवतात. घेऊ नका. लॅपटॉपवर कोथरूडचा हिशोब करणं वेगळं आणि तिथल्या माणसाच्या चेहऱ्याला पैसे घेऊन हात लावणं वेगळं. मी तिथे दोऱ्याचं रीळसुद्धा बॅगेत नेत नाही. त्याऐवजी मी शनिवारी ऑनलाइन साडी ड्रेपिंग आणि सेल्फ मेकअप शिकवते. विद्यार्थिनी पुण्या-नाशिकच्या असतात, काही न्यू जर्सीच्या, आणि फी पार्लरच्या खात्यात जमा होते.

टॅक्समध्ये दोन कॅलेंडरं एकदम चालतात. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात १८२ दिवस भारतात राहिलात की तुम्ही इथल्या रहिवासी करदात्या. थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात १८० दिवस झाले की तुम्ही तिथल्या करदात्या, आणि २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं तर त्यावर कर लागू शकतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजत राहा आणि निघण्याआधी सीएला एकदा भेटा. पार्लरचं उत्पन्न भारतात कमावलेलं आहे, त्यावर इथला कर तुम्ही कुठेही असलात तरी भरायचाच. जीएसटी नंबर असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या सेवांवर १८ ऐवजी ५ टक्के लागतो, पण मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे दरपत्रक नव्याने मांडा, जुनंच पुढे नेऊ नका.

ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंग चालू करूनच घेऊन जा. तिथे पोचल्यावर चालू करायला गेलात तर कस्टमर केअर त्याच सिमवर ओटीपी पाठवतं. क्यूआर कोड पार्लरच्या करंट अकाउंटला जोडलेला ठेवा. रोख रक्कम सिनियर दर सोमवारी बँकेत भरते आणि स्लिपचा फोटो येतो. किरकोळ खर्चाला आठवड्याचे तीन हजार, त्यावर मी एकही प्रश्न विचारत नाही.

आता तुमच्या पाच-सहा महिन्यांच्या बेताबद्दल. सलग जाऊ नका, दोन तुकडे करा आणि तारखा कालनिर्णय समोर ठेवून ठरवा. मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मग तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, पुन्हा माघ-फाल्गुन आणि एप्रिल-मे. या दिवसांत मालकीण काउंटरला दिसली पाहिजे, तिने हातात दोरा घेतला नाही तरी चालेल. मोकळे महिने दोन: पौष आणि आषाढ. मी पौषात जाते, चिआंग मायची हवाही तेव्हा छान थंड असते, आणि फेब्रुवारीच्या आत निघते, कारण नंतर शेतं जाळल्याचा धूर एप्रिलपर्यंत डोंगरांच्या खोलगटात कोंडून राहतो. दुसऱ्यांदा जूनच्या मध्यापासून श्रावण लागेपर्यंत. अधिक महिना आला तर थोडे दिवस वाढतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हाळी लग्नसराईत आहे, म्हणजे त्या वर्षी एरवी इथे अडकवणारे चार आठवडे मोकळे.

आणि कॅमेरे. एक काउंटरवर, एक दारात, एक स्टॉकच्या कपाटासमोर. बस. वॅक्सिंग आणि फेशियलच्या खोल्यांत कॅमेरा अजिबात नाही. कपडे उतरवलेल्या बाईचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपण ते केलं नसतं. पहिल्या वर्षी मी काउंटरला फिरता कॅमेरा लावला आणि चिआंग मायहून दिवसभर बघत बसायचे. पंधरा दिवसांनी सिनियरचा मेसेज आला, 'ताई, कॅमेरा फिरल्याचा आवाज येतो, मग मुलींचे हात थांबतात.' मी त्याच दिवशी तो फिक्स करायला लावला. आता रेकॉर्डिंग फक्त तक्रार आली तर उघडते. रोज बघते ती वही, काट्याचे फोटो आणि गूगलवरचे रिव्ह्यू. रिव्ह्यूला उत्तर मी स्वतः लिहिते, चांगल्यालाही आणि वाईटालाही.

व्हिसाचा अर्ज करण्याआधी दहा दिवस कोकणात जाऊन या. परदेशात नको, गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला. आग लागल्याशिवाय फोन करायचा नाही, असं मुलींना सांगा आणि तुम्हीही करू नका. परत आल्यावर गल्ला लगेच मोजू नका. वही उघडून बघा, त्या दहा दिवसांत तुमच्या हाताच्या किती बायका आल्या, त्यातल्या किती परत गेल्या आणि किती दुसरीच्या खुर्चीत बसल्या. दहातल्या सात बसल्या असतील तर पौषाची तिकिटं काढा. तीनच बसल्या असतील तर अजून एक वर्ष थांबा आणि एकेका भुवईपासून सुरुवात करा.